ओल्या कागदाचं कोडं आणि वेर्नुये गावचे गुरुजी : निकोला-लुई रोबेर



शोध आणि संशोधक हा पाठ शिकवताना आपण वाफेचं इंजिन, छपाईयंत्र, विजेचा दिवा, टेलिफोन यांची नावं हमखास घेतो. पण ज्या कागदावर हा पाठ छापलेला असतो, तो कागद यंत्रावर करण्याची कल्पना कोणाची, हे मुलांना विचारून बघा. वर्गात बहुधा शांतता पसरेल. कागदाचा शोध चीनमध्ये लागला एवढं मुलं सांगतात. त्यापुढची सतराशे वर्षं जगभर कागद हातानेच, एकेक ताव करून बनत होता, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही.

आजचा लेख त्या माणसाबद्दल आहे ज्याने हे बदललं. त्याचं नाव निकोला-लुई रोबेर. इंग्रजी वळणाच्या पुस्तकांत तुम्हाला ते निकोलस लुई रॉबर्ट असं सापडेल. तो सैनिक होता, कारकून होता, कारखान्यातला देखरेख करणारा होता, आणि आयुष्याच्या शेवटी तुमच्या-आमच्यासारखा शाळामास्तर होता. त्याच्या चरित्रासोबत विज्ञानाचा एक छान मुद्दाही शिकवता येतो: ओला कागद फाटतो का, आणि कशामुळे टिकतो.

बालपण आणि सैन्यातील दिवस

रोबेरचा जन्म २ डिसेंबर १७६१ रोजी पॅरिसमध्ये झाला. त्याच्या तरुणपणी अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध चालू होतं आणि फ्रान्स अमेरिकेच्या बाजूने इंग्लंडविरुद्ध उतरला होता. अनेक तरुणांप्रमाणे त्यालाही सैन्यात जायची ओढ लागली. १७८० मध्ये तो तोफखान्यात दाखल झाला. पुढे त्याची तुकडी कॅरिबियन समुद्रातल्या सँ-दोमँग या फ्रेंच वसाहतीत, म्हणजे आजच्या हैती देशात गेली.

सैन्यातून परतल्यावर पोटापाण्यासाठी काम शोधणं आलंच. पॅरिसमध्ये दिदो हे घराणं छपाई, प्रकाशन आणि कागद या धंद्यांत फार नावाजलेलं होतं. रोबेर तिथे कारकून म्हणून लागला. त्याची हुशारी दिसल्यावर त्याला पॅरिसच्या दक्षिणेला एसोन या गावी, सँ-लेजे दिदोच्या कागद कारखान्यात पाठवलं गेलं. तिथे कामगारांवर देखरेख करायचं काम त्याच्याकडे आलं. इथूनच आपली खरी गोष्ट सुरू होते.

हातकागद कसा बनायचा?

हा भाग मुलांना नीट समजावून द्या, कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे.

तेव्हा युरोपात कागद लाकडापासून बनत नसे. जुन्या सुती आणि तागाच्या चिंध्या गोळा करायच्या, भिजवायच्या, कुटायच्या, आणि त्यांचा पातळ लगदा करायचा. हा लगदा मोठ्या हौदात असे. हौदापाशी माणसं ठरलेल्या कामाला उभी असत. पहिला माणूस तारेची जाळी बसवलेली चौकट हौदात बुडवून वर काढायचा आणि एका ठरावीक पद्धतीने हलवायचा. पाणी जाळीतून गळून जायचं आणि तंतूंचा पातळ थर जाळीवर राहायचा. दुसरा माणूस ती चौकट लोकरीच्या जाड कापडावर उलटी दाबायचा. ओला ताव जाळी सोडून कापडाला चिकटायचा. वर पुन्हा कापड, पुन्हा ताव, असा ढीग झाला की तो मोठ्या दाबयंत्रात पिळून काढायचा. मग तिसरा माणूस कापडं आणि ताव वेगळे करायचा आणि ताव दोरीवर वाळत घातले जायचे. आपल्याकडे दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यातही कागद हातानेच बनत आला. तपशील वेगळे, पण मूळ रीत हीच: लगदा, जाळी, ओला ताव, मग वाळवण.

यात सगळ्यांत कसबाचं काम कोणतं असेल? बहुतेकांना वाटेल, चौकट हलवायचं. ते अवघड आहेच. पण जाळीवरून ओला ताव न फाटता कापडावर उतरवणं हेही तितकंच नाजूक. त्या क्षणी तावात तंतूंपेक्षा पाणी कितीतरी जास्त असतं. आपल्या घरी साबुदाण्याच्या पापड्या प्लॅस्टिकवरून वेळेआधी उचलल्या तर काय होतं ते आठवा. अगदी तसंच.

हे कसब मोजक्या कारागिरांच्या हातात होतं आणि त्यांच्या संघटना बळकट होत्या. एसोनच्या कारखान्यात कारागिरांच्या सततच्या भांडणांना आणि तंट्यांना रोबेर वैतागला, आणि त्यातून माणसांऐवजी यंत्राने कागद करायचा विचार त्याच्या डोक्यात आला, असं कागदाच्या इतिहासकारांनी नोंदवून ठेवलं आहे. या ठिकाणी मुलांशी थांबून बोलावं. तो कारागीरही पोटासाठीच भांडत होता. यंत्र आलं की कोणाचं भलं होतं आणि कोणाच्या हातातलं काम जातं, या प्रश्नाला सोपं उत्तर नाही. मुलांना दोन्ही बाजूंनी विचार करू द्या.

न संपणारी जाळी

रोबेरची कल्पना ऐकायला सोपी आहे. चौकट बुडवा, काढा, उलटी करा, पुन्हा बुडवा, यात वेळ जातो. मग जाळीचाच एक गोल पट्टा का करू नये? जाळी फिरत राहील, एका टोकाला तिच्यावर लगदा पडत राहील, वाटेत पाणी गळत राहील आणि दुसऱ्या टोकाला ओला कागद बाहेर येत राहील. म्हणजे ताव नाही, लांबच लांब पट्टाच मिळेल.

सुरुवातीचे नमुने नीट चालले नाहीत. दिदोने त्याला पुन्हा प्रयत्न करायला लावलं. अखेर १७९८ मध्ये हाताने दांडा फिरवून चालवायचं एक यंत्र तयार झालं. त्यात एक फिरतं चाक हौदातला लगदा उचलून जाळीवर टाकायचं. जाळीला आडवे हिसके बसायचे, म्हणजे कारागीर चौकट हलवायचा त्याची नक्कल. पुढे रुळांमध्ये कागद दाबला जायचा. वाळवायची सोय मात्र यंत्रात नव्हती. ओला पट्टा काढून, कापून, पूर्वीसारखाच टांगून वाळवावा लागे. १८ जानेवारी १७९९ रोजी फ्रेंच सरकारने रोबेरला या यंत्राचं पेटंट दिलं. तेव्हा तो ३७ वर्षांचा होता.

ओला कागद का फाटतो?

आता विज्ञानाकडे वळू. यंत्राची कल्पना सोपी असूनही ती प्रत्यक्षात आणायला एवढा त्रास का झाला? कारण हातकागदात दुसऱ्या कारागिराचा हात ओल्या तावाला सांभाळून घेतो. यंत्रात ओल्या कागदाला स्वतःच स्वतःचा भार आणि ओढ सहन करावी लागते. जाळी सोडून रुळांकडे जाताना तो क्षणभर अधांतरी असतो. तिथे तुटला की सगळं थांबलं. आजच्या कारखान्यात मिनिटाला हजार मीटरहून जास्त वेगाने कागद धावतो, तिथेही ही जागा डोळ्यांत तेल घालून सांभाळावी लागते.

ओल्या कागदाची ताकद कशावर ठरते, ते मुद्द्यांनी पाहू.

१. पाणी किती उरलं आहे : जाळीवर येणाऱ्या लगद्यात साधारण ९९ टक्के पाणी असतं. जाळीच्या शेवटी ओल्या पट्ट्यात साधारण २० टक्के तंतू आणि ८० टक्के पाणी असतं. रुळांनी दाबल्यावर तंतूंचं प्रमाण ४० ते ५० टक्क्यांपर्यंत जातं. जसजसं पाणी कमी होतं तसतशी ताकद झपाट्याने वाढते. म्हणून वाळवण्याआधी नीट पिळणं फार महत्त्वाचं.

२. पाण्याचा पृष्ठताण : इथे मुलांना गंमत वाटेल. ओल्या कागदाला फाडणारं पाणीच त्याला धरूनही ठेवतं. वाळूचा किल्ला आठवा. कोरडी वाळू निसटते, ओलसर वाळूचा किल्ला उभा राहतो, आणि लाट आली की तोच किल्ला विरघळतो. ओलसर वाळूत कणांमधलं थोडं पाणी पृष्ठताणामुळे त्यांना एकमेकांकडे ओढतं. कागदाच्या तंतूंचंही तसंच. लगद्यात साबणासारखा पदार्थ गेला की पृष्ठताण घटतो आणि ओला कागद कमजोर पडतो.

३. तंतूंची लांबी : लांब तंतू एकमेकांत गुंततात, घर्षणाने धरून राहतात. पाइनसारख्या झाडांचा तंतू साधारण ३ मिलिमीटर, निलगिरीसारख्या झाडांचा साधारण १ मिलिमीटर. बांबूचा तंतू बऱ्यापैकी लांब असतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारपूरच्या कागद कारखान्याने बांबू वापरला, त्यामागे जवळचं जंगल हे कारण होतंच, पण तंतूचा हा गुणही होता. उसाच्या चिपाडाचा तंतू आखूड असतो आणि त्यात भुसाही असतो. तो भुसा आधी काढून टाकावा लागतो.

४. लगदा किती कुटला आहे : कुटल्याने तंतू लवचीक होतात, त्यांच्या अंगावर बारीक केसांसारखे धागे सुटतात, ते एकमेकांना जास्त ठिकाणी चिकटतात. पण कुटणं अति झालं तर पाणी जाळीतून लवकर गळत नाही आणि कागद जास्त ओला राहतो. म्हणजे एका हाताने दिलं ते दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखं होतं. योग्य प्रमाण साधणं हीच कला.

५. भर म्हणून घातलेली पांढरी माती : कागद गुळगुळीत आणि पांढरा दिसावा म्हणून चिकणमाती किंवा खडूची पूड घालतात. ती तंतूंच्या मध्ये बसते, तंतू एकमेकांना कमी भेटतात आणि ओली ताकद कमी होते.

६. पुन्हा वापरलेला कागद : रद्दीतला तंतू एकदा वाळलेला असतो. त्यामुळे तो थोडा ताठर होतो, पूर्वीसारखा फुगत नाही, तुटून आखूडही होतो. म्हणून नुसत्या रद्दीच्या लगद्यापेक्षा त्यात थोडा नवा लांब तंतू मिसळला की काम सोपं होतं.

शेवटी कागद पूर्ण वाळतो तेव्हा तंतू इतके जवळ येतात की त्यांच्यातले रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरतात. हीच वाळलेल्या कागदाची खरी ताकद. पाणी लागलं की यातले बरेच बंध सुटतात, म्हणून पावसात भिजलेली वही हातात फाटते. चहाच्या पुडीचा कागद किंवा नोटेचा कागद भिजूनही टिकतो, कारण तो तसा टिकावा म्हणून बनवतानाच वेगळी काळजी घेतलेली असते. हा भिजल्यावर टिकण्याचा गुण आणि बनताना न तुटण्याचा गुण, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलांची इथे गल्लत होते, तेवढं लक्षात ठेवा.

आता रोबेरकडे परत येऊ. त्याच्या हातात एक गोष्ट नकळत चांगली होती. त्याचा लगदा चिंध्यांचा होता. सुताचा आणि तागाचा तंतू लांब आणि चिवट. लाकूड किसून लगदा करायची रीत फ्रीड्रिश केलर या जर्मन विणकराने १८४० च्या दशकात शोधली. तो लगदा स्वस्त, पण कमजोर. तोपर्यंत यंत्र बरंच सुधारलेलं होतं. पहिल्याच यंत्रावर तो लगदा घालावा लागला असता तर रोबेरचं काम आणखी कठीण झालं असतं.

कल्पना एकाची, नाव दुसऱ्याचं

यापुढचा भाग मन खट्टू करणारा आहे. रोबेरने आपलं पेटंट आणि यंत्र दिदोला २५,००० फ्रँकला विकलं. पैसे हप्त्याहप्त्याने मिळायचे होते. दिदोने ते वेळेवर दिले नाहीत. रोबेरला कायद्याची मदत घ्यावी लागली आणि १८०१ मध्ये पेटंटचा हक्क त्याच्याकडे परत आला.

पण तोवर गाडी पुढे निघून गेली होती. फ्रान्समध्ये क्रांतीनंतरचा गोंधळ होता, यंत्र सुधारायला पैसा आणि कुशल लोहार-सुतार मिळणं कठीण होतं. दिदोचा मेहुणा जॉन गॅम्बल हा इंग्रज. त्याच्यामार्फत यंत्राची कल्पना इंग्लंडला पोचली आणि १८०१ मध्येच तिथे गॅम्बलच्या नावाने पेटंट घेतलं गेलं. लंडनमधले कागदाचे व्यापारी हेन्री आणि सीली फूर्ड्रिनियर या भावांनी त्यात पैसा ओतला. ब्रायन डॉन्किन या तरुण अभियंत्याने यंत्र नव्याने बांधलं. १८०३ मध्ये हर्टफर्डशर परगण्यातल्या फ्रॉगमोर इथे ते चालू झालं.

डॉन्किनने यंत्राचा एकेक भाग तपासून सुधारला. ओल्या कागदाला धक्का न लागता तो पुढच्या टप्प्यावर जावा, हा त्यातला मोठा भाग होता. पुढे १८२० मध्ये थॉमस क्रॉम्प्टन याने वाफेने तापवलेल्या रुळांवर कागद वाळवायची पद्धत पेटंट केली. तेव्हा कुठे लगदा एका टोकाला आणि कोरडा कागद दुसऱ्या टोकाला, असं पूर्ण यंत्र उभं राहिलं.

फूर्ड्रिनियर बंधू श्रीमंत झाले असतील, असं तुम्हाला वाटेल. तसं झालं नाही. यंत्रावर त्यांचे सुमारे ६०,००० पौंड खर्च झाले आणि १८१० मध्ये त्यांचं दिवाळं निघालं. त्यांची कल्पना वापरणारे अनेक होते, पैसे देणारे फार थोडे. रशियाच्या झारनेही यंत्रं घेतली, पण ठरलेली रक्कम त्यांना मिळाली नाही. १८४० मध्ये, हेन्री म्हातारा झाल्यावर, इंग्लंडच्या संसदेने ७,००० पौंड मंजूर केले. एवढं मात्र झालं की यंत्राला त्यांचं नाव मिळालं. आजही जगभरच्या कागद कारखान्यांत या पद्धतीच्या यंत्राला फूर्ड्रिनियर यंत्र म्हणतात. रोबेरचं नाव त्यात नाही.

वेर्नुयेचे गुरुजी

इकडे फ्रान्समध्ये रोबेरची प्रकृती ढासळली. १८१२ च्या सुमारास त्याने कागदाचा धंदा सोडला आणि द्रू शहराजवळच्या वेर्नुये या गावात एक छोटी शाळा काढली. पन्नाशी उलटलेली. आयुष्यभराच्या शोधाचा पैसा हातात नाही. नेपोलियनच्या युद्धांनंतर देशात मंदी, त्यामुळे शाळेतूनही फार थोडं मिळे. तरी तो शिकवत राहिला. ८ ऑगस्ट १८२८ रोजी त्याचं तिथेच निधन झालं. तोवर इंग्लंडमध्ये त्याच्या कल्पनेवरची कितीतरी यंत्रं धडधडत होती.

विचार करा, त्या शाळेतल्या मुलांच्या हातात जो कागद होता, तो स्वस्तात मिळण्याची वाट त्यांच्याच गुरुजींनी खुली केली होती. कागद महाग होता तोवर पुस्तक, वही, वर्तमानपत्र ही थोड्यांची चैन होती. यंत्राने कागद स्वस्त झाला, आणि गावागावातल्या शाळेत प्रत्येक मुलाच्या हातात वही येण्याची शक्यता निर्माण झाली. आपण शिक्षक ज्या जगात काम करतो ते जग या माणसाचं फार देणं लागतं. वेर्नुये गावाने त्याची आठवण ठेवली आहे. तिथल्या शाळेला आज त्याचं नाव आहे.

वर्गात करून पाहा

साहित्य : रद्दी वर्तमानपत्र, पाणी, मिक्सर, मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा ताणून बसवलेली चौकट, जुने सुती कपडे, थोडा भांड्यांचा साबण.

कागद रात्रभर भिजत घाला आणि मिक्सरमधून पातळ लगदा करून घ्या. मिक्सर मोठ्यांनीच चालवावा. चौकट लगद्यात बुडवून ताव काढा. मग तीन गट करा. पहिल्या गटाने ताव लगेच उचलायचा प्रयत्न करावा. दुसऱ्याने सुती कापडाने एकदा दाबून मग उचलावा. तिसऱ्याने तीन-चार कोरड्या कापडांनी दाबून मग उचलावा. कोणाचा ताव अखंड आला, याची फळ्यावर नोंद करा. दुसऱ्या दिवशी लगदा थोडा आणि जास्त वेळ फिरवून, तसंच पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून पुन्हा करा. फरक दिसतो का, ते मुलांनाच मोजू द्या. उत्तर आधी सांगू नका.

शेवटी हे प्रश्न चर्चेला घ्या :

१. यंत्र आल्यावर हातकागद करणाऱ्या कारागिरांनी काय करायला हवं होतं?
२. शोधाचं श्रेय कोणाला द्यावं: कल्पना सुचणाऱ्याला, पैसा घालणाऱ्याला, की ते यंत्र नीट चालवून दाखवणाऱ्याला?
३. आपल्या शाळेतली रद्दी वर्षाला किती किलो होते आणि ती कुठे जाते?

दुसऱ्या प्रश्नावर वर्गात वाद होईल. होऊ द्या. रोबेर, फूर्ड्रिनियर आणि डॉन्किन या तिघांपैकी एकजण जरी नसता, तरी आपल्या मुलांच्या दप्तरातल्या वह्यांना बराच उशीर झाला असता, एवढं मात्र त्यांना जरूर सांगा.